यंत्राची शुश्रूषा

घरांतील वृद्धांची देखभाल यंत्रावर सोंपवावी कीं नाहीं, हा प्रश्न कालपर्यंत केवळ कल्पित कथांतून आढळत असे. आज तो आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या उंबरठ्याशीं येऊन उभा राहिला आहे. नाशिकच्या ज्या वाड्यांतून एका पंगतीला पंधरा-वीस पानें मांडलीं जात, तेथें आतां बहुधा दोनच पानें वाढलीं जातात. एक चिरंजीव पुण्यास, दुसरे अमेरिकेंत आणि कन्या बंगळुरास. जीं कुटुंबें अद्यापि एकत्र आहेत, त्यांतहि मुलगा व सून दोघेंहि नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असतात. म्हणजे दुपारच्या वेळीं आजी-आजोबा एकटेच. २०११ च्या खानेसुमारींत साठ वर्षें वा त्याहून अधिक वयाचीं माणसें आपल्या देशांत सुमारें १० कोटी ३८ लक्ष भरलीं होतीं, आणि तेव्हांपासून ही संख्या वाढतच गेली आहे.

अशा घरीं परदेशस्थ मुलाकडून एखादें बोलकें यंत्र येतें. तें औषधाची वेळ सांगतें, विचारल्यास पंचांग वाचून दाखवितें, आणि आजींचा तोल गेला तर मुलाच्या मोबाईलवर तत्काळ निरोप धाडतें. त्यापुढची पायरी म्हणजे हिंडतें-फिरतें यंत्र, यंत्रमानव. त्याचें नांव निघतांच घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘आईबापांना यंत्राच्या स्वाधीन करणारी प्रजा निपजली, कलियुग आलें!’ दुसरा म्हणतो, ‘सोय घरीं चालून आली आहे, तिला नाहीं कां म्हणावें?’ दोन्ही पक्षांना उत्तराची घाई झालेली आहे, असें आम्हांस वाटतें. हीं यंत्रें काय करूं शकतात, जेथें तीं वापरलीं गेलीं तेथें काय घडलें, आणि ज्यांनीं या विषयाचा अभ्यास केला ते काय सांगतात, इतकें पाहून मग निर्णय करणें बरें.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ नामक नाटकांत जगानें प्रथम ऐकला. तें नाटक १९२० सालीं प्रसिद्ध झालें आणि पुढील वर्षीं प्राग शहरांत रंगभूमीवर आलें. शब्द सुचविला चापेकच्या चित्रकार बंधूनें, आणि ज्या चेक शब्दावरून तो घडविला त्याचा अर्थ वेठबिगार असा आहे. जें काम आपणांस करावयाचें नाहीं आणि ज्याचा मोबदलाहि द्यावयाचा नाहीं, तें ज्याच्या माथीं मारावयाचें तो रोबॉट, ही गोष्ट नामकरणाच्या दिवशींच उघड झाली होती. तेव्हां यंत्र घेण्यापूर्वीं प्रत्येक घरानें स्वतःस विचारावें कीं, वडील माणसांची सेवा ही आपण वेठ समजतों काय? ज्या घरांत ती वेठ झाली असेल, तेथें ती कोणाच्या माथीं बसली आहे, हेंहि विचारावें. या दुसऱ्या प्रश्नाकडे आम्ही पुढें वळणार आहों.

या यंत्रांचा सर्वांत मोठा प्रयोग जपानांत झाला, कारण तेथें पासष्टीच्या पुढचीं माणसें शेंकडा २९ च्या घरांत पोंचलीं आहेत आणि सेवा करणारे हात कमी पडत आहेत. तेथील यंत्रांचे स्थूलमानानें तीन वर्ग करितां येतील. पहिला वर्ग उचलणाऱ्या यंत्रांचा. २०१५ सालीं तेथील एका मोठ्या संशोधनसंस्थेनें अस्वलाच्या तोंडवळ्याचें, सुमारें १४० किलो वजनाचें एक यंत्र तयार केलें. तें रोग्यास बिछान्यावरून उचलून खुर्चींत बसवी. त्याचीं चित्रें जगभर छापून आलीं, परंतु तें बाजारांत कधींच आलें नाहीं. दुसरा वर्ग लक्ष ठेवणाऱ्या व आठवण करून देणाऱ्या यंत्रांचा. तिसरा वर्ग सोबत करणाऱ्या यंत्रांचा. त्यांत ‘पारो’ हें प्रसिद्ध आहे. ताकानोरी शिबाता या शास्त्रज्ञानें १९९३ पासून खपून तें सिद्ध केलें आणि २००५ पासून तें विकलें जाऊं लागलें. तें सील नांवाच्या समुद्रप्राण्याच्या पांढऱ्या केसाळ पिलासारखें दिसतें. कुरवाळलें कीं डोळे मिटतें, हांक मारली कीं मान वळवितें. पिलूं सीलचेंच कां, याचें कारण मोठें मार्मिक आहे. मांजर आणि कुत्रा यांचा सहवास सर्वांस असल्यामुळें त्यांची नक्कल तत्काळ उघडी पडते. सीलचें पिलूं मांडीवर घेतलेला मनुष्य विरळा, म्हणून तुलनाच होत नाहीं! २००९ सालीं अमेरिकन सरकारच्या औषधखात्यानें या पिलास वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली.

आतां या यंत्रांचें प्रत्यक्ष काय झालें तें पाहूं. जेम्स राइट नांवाच्या मानवशास्त्रज्ञानें जपानांतील कानागावा प्रांताच्या एका वृद्धसदनांत बराच काळ राहून हीं यंत्रें वापरांत असतांना पाहिलीं, आणि २०२३ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. त्याला आढळलें तें असें : उचलणारें यंत्र एका खोलींतून दुसऱ्या खोलींत ढकलीत न्यावें लागे, त्यांतच वेळ जाई, म्हणून सेवकांनीं थोड्याच दिवसांत तें बाजूस ठेविलें. व्यायाम शिकविणारा यंत्रमानव एकट्यानें कोणाकडून हातपाय हलवून घेऊं शकेना. त्याच्या शेजारीं उभें राहून तेच हातवारे एका माणसाला करावे लागत. केसाळ पिलाचा एका वृद्धेस इतका लळा लागला कीं, तिच्यावरच लक्ष ठेवण्याची पाळी आली. शिवाय सर्वांची पुसापुशी, विजेची भरणी, ने-आण आणि राखण करावी लागे ती निराळीच. यंत्रानें मनुष्याची शुश्रूषा करावी म्हणून आणलें, तों मनुष्यालाच यंत्राची शुश्रूषा करावी लागली. यावरून यंत्रें निरुपयोगी आहेत असा सिद्धांत काढणें योग्य नव्हे. त्या सेवकांना यंत्र आणण्यापूर्वीं पुरेसें विचारलें गेलें होतें कीं काय, एवढीच शंका यावरून उत्पन्न होते.

आणि या शंकेपाशींच एका नव्या विचाराचा आरंभ होतो. पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञ त्यास ज्या नांवानें ओळखतात त्याचा मराठींत अर्थ ‘जबाबदार नवनिर्मिति’ असा होईल. नवी वस्तु निर्माण करणाराची जबाबदारी ती बिघडल्यावर सुरू होत नाहीं, ती घडवितांनाच सुरू होते, असें त्याचें सार आहे. डेव्हिड कॉलिंग्रिज या इंग्रज पंडितानें १९८० सालीं यांतील अडचण नेमकी दाखविली. कोणतीहि नवी वस्तु जोंवर कोवळी असते, तोंवर तिला वळण लावणें सोपें असतें, परंतु तिचे परिणाम तेव्हां दिसत नाहींत. आणि परिणाम दिसूं लागतात तेव्हां ती समाजांत इतकी रुजलेली असते कीं वळण लावणें महाग पडतें. मुलांना शिकविण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्यांना हा अनुभव नवा नाहीं.

यावर तोड म्हणून स्टिलगो, ओवेन आणि मॅकनॉटन या तिघांनीं २०१३ सालीं एका निबंधांत चार गोष्टी सांगितल्या : पुढें काय काय होऊं शकेल याचा आधीं विचार करणें, आपला हेतु व आपली समजूत यांचें परीक्षण करणें, ज्यांच्यावर परिणाम होणार त्या सर्वांस विचारणें, आणि त्यांचें ऐकून आपलें करणें बदलणें. शेफील्ड विद्यापीठांतील स्टेव्हिएना डी साइल या समाजशास्त्रज्ञ विदुषीनें जबाबदार नवनिर्मिति आणि सेवाकार्यांतील यंत्रमानव या दोनहि विषयांवर काम केलें आहे. २०२० सालीं तिनें आपल्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तर, कित्येक वेळां वेग आंवरणें हीच जबाबदारी असते, असें प्रतिपादन आहे. प्रत्येक नवी वस्तु म्हणजे प्रगति असें गृहीत धरणाऱ्या काळांत हें म्हणणें विचार करण्याजोगें आहे.

हें सर्व परदेशचें झालें, आमच्या गांवीं याचें काय, असें कोणी विचारील. सुदैवानें याचें एक उत्तम उदाहरण नाशिकनेंच घालून दिलें आहे. तें वृद्धसेवेंतील नाहीं, तथापि तत्त्व तेंच. २००३ च्या सिंहस्थांत २७ ऑगस्ट रोजीं चेंगराचेंगरी होऊन ३९ यात्रेकरू प्राणांस मुकले. २०१५ चा सिंहस्थ जवळ येऊं लागला तेव्हां, मूळचे नाशिकचेच असलेले आणि अमेरिकेंतील एम.आय.टी. या प्रख्यात संस्थेंत अध्यापन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकारानें २०१४ पासून येथें ‘कुंभथॉन’ नांवाचीं संमेलनें भरूं लागलीं. विद्यार्थी, अभियंते, वैद्य, व्यापारी आणि शहराचे अधिकारी यांनीं एकत्र बसून, मेळ्यांत लोकांना अडचण कोठें पडते, तें आधीं ठरवावें आणि मग उपाय शोधावा, असा त्यांचा क्रम असे. नीलय कुलकर्णी या शाळकरी वयाच्या नाशिककर मुलानें व त्याच्या सोबत्यांनीं तेथें ‘आशिओतो’ नांवाचें साधन तयार केलें. आशिओतो हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ पावलांचा आवाज, आपल्या भाषेंत पदरव. वाटेवर एक चटई अंथरावयाची. तिच्यावर पाय पडला कीं दाबाची नोंद व्हावयाची. त्यावरून किती माणसें कोणत्या बाजूस चाललीं हें तत्क्षणीं कळावयाचें. २०१५ च्या मेळ्यांत या चटईनें अठरा तासांत सुमारें पांच लक्ष माणसें मोजलीं.

या साधनाचें वैशिष्ट्य वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. ती चटई पावलें मोजते, चेहरे पाहत नाहीं. स्नानास चाललेला मनुष्य कोण, कोठला, हें तिला कळत नाहीं, आणि कळण्याची गरजहि नाहीं. जेवढें जाणणें अवश्य तेवढेंच ती जाणते. गर्दी झाली कीं काय करावयाचें याचा निर्णयहि ती घेत नाहीं. तो घाटावर उभ्या असलेल्या मनुष्याकडेच राहतो. घरांत येणाऱ्या यंत्राला ही कसोटी लावून पाहिली तर पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतील.

कारण घरांतील यंत्र बहुधा चेहरा पाहतें. आमच्या शेजारच्या आळींत एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या मुलानें परगांवाहून काळजीपोटींच माजघरांत एक कॅमेरा बसवून दिला. त्या दिवसापासून ते गृहस्थ जेवावयास स्वयंपाकघरांत भिंतीकडे तोंड करून बसूं लागले. मुलाला वडील दिसावेत म्हणून कॅमेरा आला, आणि वडील दिसेनासे झाले! त्यांची तक्रार एवढीच कीं, ‘मला कोणी विचारलें नाहीं.’ मुलाच्या मनांत खोट नव्हती. परंतु ज्याच्यासाठीं करावयाचें त्यालाच विचारावयाचें राहिलें. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे संमत झाला; त्यांत ज्याची माहिती त्याची संमति हें प्रधान तत्त्व मानलें आहे. परंतु व्यक्तीनें निव्वळ घरगुती कामासाठीं केलेल्या वापरास तो कायदा लागू नाहीं. म्हणजे यंत्र विकणारी कंपनी त्याच्या कक्षेंत येते, मुलगा येत नाहीं. तेथें घरची रीतच उपयोगी पडावयाची. वडिलांच्या खोलींत शिरण्यापूर्वीं दारावर टिचकी मारावी, हें ज्याला लहानपणीं शिकविलें आहे, त्याला कॅमेऱ्यापूर्वींहि विचारतां आलें पाहिजे.

यंत्रानें दूर राहून सेवा करणें नेहमींच वाईट, असें मात्र नाहीं. २०२० च्या महामारींत मध्य रेल्वेच्या मुंबई विभागानें ‘रक्षक’ नांवाचें यंत्र तयार केलें. तें रोग्याजवळ जाऊन औषध देई, ताप पाही, आणि दूर असलेल्या डॉक्टरांशीं त्याचें बोलणें करवी. त्याच वर्षीं पुणें स्थानकावर ‘कॅप्टन अर्जुन’ नांवाचा यंत्रमानव उतारूंचा ताप तपासूं लागला. तेव्हां स्पर्शांत मृत्यूचें भय होतें; अंतर राखणें हीच दया होती. परंतु जें अंतर सांथींत दया ठरतें, तेंच सांथ सरल्यावर उपेक्षा ठरूं शकतें. यंत्र तेंच असतें. कोणत्या प्रसंगीं तें मध्यें उभें केलें, यावर त्याचें बरेंवाईट ठरतें.

आतां ‘शुश्रूषा’ या शब्दाकडे वळूं. हा शब्द आपण रोज वापरतों, परंतु त्याचा मूळ अर्थ ध्यानीं येत नाहीं. ‘श्रु’ म्हणजे ऐकणें, या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो झाला आहे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचें ऐकावें अशी शिष्याची इच्छा, ती शुश्रूषा. तिच्यावरूनच सेवा हा अर्थ पुढें आला. रोग्याचे पाय चेपणें, औषध देणें, अंथरूण बदलणें हीं तिचीं बाह्य अंगें. तो काय म्हणतो तें ऐकावेंसें वाटणें हें तिचें मूळ. या दृष्टीनें पाहतां यंत्राची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. तें सर्व कांहीं ऐकतें, रात्रंदिवस ऐकतें, ऐकलेलें विसरतहि नाहीं. परंतु ऐकण्याची इच्छा त्याच्या ठायीं नाहीं. आजींनीं तीच गोष्ट चाळिसाव्यांदा सांगितली तरी तें कंटाळत नाहीं, ही त्याची थोरवी म्हणून सांगतात. आम्हांस वाटतें, ज्याला कंटाळा येऊं शकतो आणि तरीहि जो ऐकतो, त्याच्याच ऐकण्याला मोल आहे.

परंतु एवढ्यावर आपली पाठ थोपटून घेण्याचें कारण नाहीं. ही ऐकण्याची इच्छा आपल्या घरांत तरी कितपत आहे? पूर्वीच्या एकत्र कुटुंबांत वृद्धांची सेवा उत्तम होत असे, असें आपण अभिमानानें सांगतों. ती करीत कोण असे, हें सांगत नाहीं. पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या सासऱ्यांना वर्षानुवर्षें कुशीवर वळविणारी सून, आणि त्या वळविण्यानें कायमची दुखावलेली तिची कंबर, हीं कोणाच्या हिशेबांत धरलीं गेलीं? आजहि चित्र फारसें पालटलेलें नाहीं. २०१९ च्या सरकारी कालविनियोग-पाहणीप्रमाणें घरांतील लहानथोरांची विनावेतन देखभाल करणारी स्त्री रोज सरासरी १३४ मिनिटें त्यांत घालवी, पुरुष ७६ मिनिटें. आणि हें काम करणाऱ्या स्त्रियांचें प्रमाणच पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होतें. तेव्हां ‘आमच्या संस्कृतींत यंत्राची गरज नाहीं’ असें जे पुरुष बैठकींत बसून म्हणतात, त्यांनीं प्रथम आठ दिवस तें अंथरूण स्वतः बदलावें, आणि मग बोलावें. उचलण्याचें यंत्र सुनेची कंबर वांचवीत असेल तर तें अवश्य आणावें. त्यांत संस्कृतीची कांहींएक हानि नाहीं.

आमच्या मतें येथें अंधपंगुन्याय लावावा. आंधळ्याला बळ आहे पण दृष्टि नाहीं, पांगळ्याला दृष्टि आहे पण बळ नाहीं; पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला म्हणजे दोघेहि वाट चालतात. यंत्र हें आंधळें बळ आहे, आणि वृद्ध मनुष्य हा डोळस पांगळा. मात्र वाट सांगावयाची ती पांगळ्यानें, हें विसरतां कामा नये. कधीं उठावें, काय खावें, कोणाशीं बोलावें, हें यंत्र ठरवूं लागलें कीं न्याय उलटा झाला. आणि ज्यांची स्मृति गेली आहे, ज्यांना स्वतःची वाट सांगतां येत नाहीं, त्यांचे डोळे घरच्या माणसांनींच व्हावयाचें. तेथें दुसरा इलाज नाहीं.

अशा विस्मृति झालेल्या मातेच्या मांडीवर तें केसाळ पिलूं द्यावें कीं नाहीं? रॉबर्ट आणि लिंडा स्पॅरो या दोघांनीं २००६ सालींच असा आक्षेप घेतला कीं, निर्जीवास सजीव भासवून वृद्धांस सुख देणें ही एक प्रकारची फसवणूक आहे. आक्षेप खरा आहे. दुसऱ्या बाजूनें, जिला संध्याकाळ झाली कीं भय वाटतें, तिचा हात अर्धा घटका स्थिर होत असेल, तर सत्याच्या अभिमानानें तें सुख हिरावून घेणेंहि निष्ठुरपणाचें होय. आम्ही मध्यम मार्ग सुचवितों. पिलूं द्यावें, पण तें देऊन आपण उठून जाऊं नये. त्या पिलाच्या निमित्तानें तिच्या तोंडून जो शब्द निघेल, तो ऐकण्यास घरचें कोणी जवळ असावें. फसवणूक होते ती पिलामुळें होत नाहीं. पिलूं दिल्यामुळें आपलें कर्तव्य झालें, असें जें आपण स्वतःस समजावतों, त्यामुळें होते.

यंत्राहून निराळी वाटहि लोक शोधीत आहेत. २०२२ सालीं मुंबईस ‘गुडफेलोज’ नांवाची संस्था निघाली. तिनें तरुण पदवीधरांस वेतन देऊन एकट्या वृद्धांच्या घरीं सोबतीस पाठविण्यास आरंभ केला, कै. रतन टाटा यांनीं तिला भांडवलाचें साहाय्य केलें होतें. पैसे देऊन सोबत विकत घ्यावी लागते याचें कोणास वाईट वाटेल. परंतु पगारी तरुणालाहि एखादे दिवशीं गोष्ट खरोखरच ऐकावीशी वाटूं शकते, यंत्राला तें कधींच वाटणार नाहीं. २००७ च्या कायद्यानें आईबापांना मुलांकडून निर्वाहासाठीं दरमहा १०,००० रुपयांपर्यंत मागण्याची तरतूद केली. निर्वाह कायद्यानें वसूल करितां येतो. शुश्रूषा वसूल करितां येत नाहीं.

तर ज्या घरीं असें यंत्र येऊं घातलें आहे, त्यांनीं पैसे भरण्यापूर्वीं चार प्रश्नांचीं उत्तरें सर्वांसमक्ष द्यावीं. ज्यांच्यासाठीं यंत्र आणावयाचें त्यांना विचारलें काय, आणि तें बंद करण्याची कळ त्यांच्या हातीं राहील काय? घरांत प्रत्यक्ष सेवा करणारी जी व्यक्ति, मग ती सून असो, मुलगा असो वा पगारी बाई असो, तिचा कोणता भार यानें हलका होणार? यंत्र जें पाहील व ऐकेल तें कोणाकडे जाणार, आणि त्यांतील कितीची खरोखर गरज आहे? तीन महिन्यांनीं तें नकोसें झालें तर परत धाडण्याची तयारी आहे काय? वस्तु कोवळी असतांनाच तिला वळण लावावें, हा कॉलिंग्रिजचा उपदेश घरालाहि लागू आहे.

या चारहि प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक आलीं, तर यंत्र खुशाल आणावें. मग एक पांचवी गोष्ट राहते. यंत्रामुळें रोज जो अर्धा-पाऊण तास वांचेल, तो कोठें जाणार, हें त्याच दिवशीं ठरवून ठेवावें. त्यांतला निम्मा वेळ जी आजवर राबली तिच्या विश्रांतीला द्यावा, आणि उरलेला वेळ घरांतील पुरुषांनीं व मुलांनीं वडील माणसांच्या खाटेशेजारीं बसून काढावा. तेथें बोलण्याची घाई करूं नये. ते काय सांगतात तें ऐकावें.